तेंदूच्या रॉयल्टीचा गावकोष: ज्यांच्याकडे टाकायला काहीच नाही, त्यांचा वाटा कसा धरायचा?

रानवाट | ८ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी कुरखेडा तालुक्यातल्या (जि. गडचिरोली) एका छोट्या गावचा. घरं ६४. गोंड जास्त, त्याखालोखाल ढीवर, बौद्धांची ९ घरं, बाकी दोन-चार. ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे आणि काही वर्षांपासून तेंदूचा (विडीच्या पानांचा) लिलाव आम्ही स्वतःच करतो. यंदाची फळी (पानं जमा करायचं केंद्र) उठली, मजुरी ज्याची त्याला मिळाली. रॉयल्टीचा पहिला हप्ता ग्रामसभेच्या खात्यात आला आणि तिथून वाद सुरू झाला.

मागच्या सभेत तीन मतं पडली. काही म्हणाले, रॉयल्टी पुड्याप्रमाणे (बांधलेल्या पानांच्या जुड्यांप्रमाणे) वाटा, ज्यानं जास्त तोडला त्याला जास्त. काही म्हणाले, घरटी सारखी वाटून मोकळे व्हा. माझं आणि पाच-सहा पोरांचं म्हणणं असं की निम्मी तरी गावकोषात ठेवू. बायकांच्या ग्रामसंघाचा (गावातल्या बचत गटांच्या संघाचा) पैसा आहे, पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) पाच टक्के निधी आहे, हे सगळं एकाच ठिकाणी आलं तर बोडी (लहान तळं) खोल करता येईल, बांबूची लागवड होईल, कुणाच्या घरी दवाखाना निघाला तर सावकाराच्या दारात जावं लागणार नाही.

पण गाडी एका गोष्टीवर अडली. आमच्या टोलीवर एक आजी एकटी राहते. डोळे अधू झालेत, दोन वर्षांपासून पानं तोडायला जात नाही. एक कुटुंब वीटभट्टीवर गेलं होतं, ते फळी उठल्यावर परत आलं. सभेत एक काका बोलले, "ज्यानं एक पुडा बांधला नाही त्याचा कोषात काय हक्क?" कोणी काही बोललं नाही. मीपण नाही. आजी उठून निघून गेली.

त्या रात्री मला झोप नाही लागली. पुढची सभा २७ तारखेला आहे. तुमच्या गावांत असा एकत्र निधी आहे का? कोण किती टाकतो? आणि ज्याला टाकता येत नाही, त्याचं काय करता?

---

वहीखाते | ८ जून, रात्री १०:०५

वर्धा जिल्ह्यात बरीच वर्षं बचत गटांच्या वह्या तपासतो आहे, त्या अनुभवावरून आधी एक सावधगिरीची सूचना. सगळे पैसे एका खात्यात ओतू नका. प्रत्येक पैसा आपला नियम सोबत घेऊन येतो.

ग्रामसंघाकडचा समुदाय गुंतवणूक निधी हा गटांतल्या बायकांना कर्जाऊ देऊन फिरवायचा असतो. त्यातून बोडीचं खोलीकरण केलंत तर तो फिरायचा थांबला. जोखीम प्रवणता निधी हा उपासमार, आजारपण, अचानक आलेलं संकट यासाठी आहे, म्हणजे तुमच्या आजीसारख्यांसाठीच. पेसाचा निधी अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) असला तरी तो ग्रामसभेच्या आराखड्याप्रमाणे खर्च होतो आणि त्याचा हिशेब ग्रामसभा कोष समितीला द्यावा लागतो. पूर्णपणे तुमच्या मर्जीचा असा पैसा एकच, तेंदूची रॉयल्टी.

तेव्हा खाती वेगळी, वह्या वेगळ्या, पण बैठक एक. चारही वह्या एकाच सतरंजीवर उघडा आणि कोणत्या गरजेला कोणत्या वहीतून पैसा जाईल ते तिथं ठरवा. गावाला एकत्रपणाचा जो फायदा हवाय तो यातूनही मिळतो, आणि लेखापरीक्षणात मान खाली घालावी लागत नाही.

---

सागवान | ८ जून, रात्री १०:४०

काकांच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते कायद्यातच आहे. तेंदूचे पैसे दोन प्रकारचे. ७० पानांचा पुडा बांधून फळीवर दिला त्याची शेकड्यामागे मिळते ती मजुरी. ती हाताची कमाई आहे, तिला कोणी हात लावू नये. रॉयल्टी मात्र जंगलाची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क दिला तो ग्रामसभेला, पानं तोडणाऱ्यांच्या टोळीला नाही. आणि ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी प्रौढ माणसं. आजी त्यात आहे. वीटभट्टीवर गेलेले नवरा-बायको त्यात आहेत.

आजीचा हक्क ही कोणाची मेहेरबानी नाही, हे २७ तारखेला पहिल्या वाक्यात सांगा.

---

उन्हाळी_धान | ९ जून, सकाळी ७:३०

मी उलट बाजूनं बोलतो, राग मानू नका.

आमच्या गावानं हे करून पाहिलं आहे. २०१७ ला तेंदूला भाव कडाडला, गावात कधी नव्हता एवढा पैसा आला. आम्हीपण उत्साहात निम्मी रॉयल्टी कोषात ठेवली. पुढच्या वर्षी भाव कोसळला. त्यात एका कंत्राटदारानं शेवटचा हप्ता दिलाच नाही, आजतागायत नाही. तोवर कोषातला पैसा कर्जानं दिलेला होता. कुणाला? समितीतल्या माणसांच्या भावकीला. कोणी मोटारसायकल घेतली, कोणी लग्न केलं. मागायला गेलं की "गावाचाच पैसा आहे, गावातच आहे" असं उत्तर. ज्या विधवा बाईनं आपला वाटा कोषात ठेवायला सगळ्यात आधी हात वर केला होता, तिला पोराच्या ऑपरेशनला एक रुपया मिळाला नाही. तिनं शेवटी दागिने मोडले.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. गरिबाच्या हातात रोख द्या. तो ती नीट वापरतो. कोष बलवानाच्या हातात जातो.

---

झाडीपट्टी_वाचक | ९ जून, सकाळी ८:०२

वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही शेवटच्या हप्त्याचं तेच झालं होतं. करारावेळी अनामत रक्कम घेतली नाही की गाव हात चोळत बसतं.

---

कापूसवेचणी | ९ जून, दुपारी २:१५

उन्हाळी_धान दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण रोख वाटून ती बाई सुटली असती असं मला वाटत नाही. वाटणीत आलेले चार पैसे बियाण्यात आणि किराण्यात आठ दिवसांत गेले असते आणि ऑपरेशनच्या वेळी ती तिथंच उभी असती.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. आमच्या गटात १२ जणी. सुरुवात महिन्याला ५० रुपयांनी केली. त्यातल्या दोघी शेतमजूर, नवरे नाहीत. त्यांना ५० सुद्धा जड जायचे, म्हणून त्या एका वर्षात गट सोडायला निघाल्या. आमची अध्यक्षीण शिकलेली नाही, पण ती म्हणाली, वेचणीच्या दिवसांत द्या, उन्हाळ्यात नका देऊ. कापूस वेचणीचे तीन-चार महिने हातात पैसा असतो, तेव्हा त्या १०० देतात. चैत्र-वैशाखात त्यांचं पान कोरं राहतं आणि त्याला थकबाकी म्हणत नाही. एवढ्या एका बदलानं त्या दोघी टिकल्या. आज एकीच्या दोन शेळ्यांच्या सात झाल्यात.

एक गोष्ट मात्र आम्ही ठोकर खाऊन शिकलो. मधल्या काळात गावात खासगी फायनान्सवाले आले. दर आठवड्याला हप्ता, एकीचा चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. आठ जणी त्यात अडकल्या. एकीनं दुसरीचं फेडायला तिसरीकडून घेतलं. एकत्र जबाबदारी म्हणजे एकत्र निधी नव्हे, हे तेव्हा कळलं. त्यांच्यात हप्ता चुकला की बायका एकमेकींच्या दारात भांडायला जायच्या. आमच्या गटात हप्ता चुकला की आधी विचारतो, घरी काय झालं?

---

पोडावरचा | ९ जून, रात्री ८:५०

भाऊ, म्या पांढरकवड्याकडचा. कोलाम पोडातला, पोड म्हंजे आमची वस्ती. लिहाची सवय नाई, पण तुमचं वाचून राहवलं नाई.

आमचं पोड मोठ्या गावापासून तीन किलोमीटर. ग्रामपंचायत थेच. ग्रामसभा ठेवली का थे गावातल्या समाजमंदिरात, थेबी दुपारी. आमचे लोकं तवा कामावर. गेलंच कोनी तं मांगं उभं राह्यते. निधी येते आमच्या नावानं, खर्च होते मोठ्या गावच्या रस्त्यावर. इचारलं तं म्हंते, तुमी सभेत काहून बोलले नाई? आता मले सांगा, जिथं बसाले जागा नाई थे बोलाव कसं?

मांगच्या वर्षी आमच्या नाईकानं पोडातच सभा बसवली, रातच्याला, जेवनं झाल्यावर. समदे आले. बायाबी आल्या, लेकरं घेऊन. ठरलं का पैसा कोनीच टाकाचा नाई, कारन कोनापाशीच नाई. घरटी एक दिवस काम टाकाचं. चार दिवसांत झऱ्याची जागा साफ केली, दगडं रचले. थो आमचा कोष. त्यात एक रुपया नाई, पन उन्हाळ्यात पानी होतं.

त्या आजीले सांगजा, तिच्यासारखे लय आहेत म्हनून.

---

सागवान | ९ जून, रात्री ९:२०

पोडावरचा भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. एक गोष्ट नक्की करा. पेसाच्या २०१४ च्या महाराष्ट्र नियमांप्रमाणे पोड, पाडा, टोली यांना स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेता येतं. पोडातल्या लोकांनी सभेत ठराव करायचा आणि तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तुमचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो का ते आधी पाहा, कारण त्या तालुक्यातली सगळी गावं त्यात नाहीत. येत असेल तर तुमची ग्रामसभा तुमच्या पोडातच भरेल आणि पाच टक्क्यांतला वाटाही तुमच्या ठरावानं खर्च होईल. मसुदा लागला तर हाक मारा.

---

पोडावरचा | ९ जून, रात्री ९:४१

मारतो भाऊ. नाईकाले इचारून सांगतो.

---

बोडी | १० जून, सकाळी ११:१०

मी भंडारा जिल्ह्यातली, ढीवर समाजातली. धाग्याचा विषय तेंदूचा असला तरी आमचा कोष पाण्यात आहे म्हणून लिहिते.

आमच्याकडे माजी मालगुजारी तलाव. भंडारा-गोंदियात हे तलाव पूर्वजांनी बांधले, कोहळी समाजाचं त्यात मोठं काम. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो. सभासद कोण? ज्याच्या नावानं भाग आहे तो, म्हणजे घरातला पुरुष. जाळं विणायला, मासे डोक्यावर घेऊन बाजारात जायला बाई, पण सभेत नाही. नवरा गेला की भाग दिराच्या नावावर, आणि ती बाई स्वतःच्या तलावाच्या काठावर मासे विकत घेते. माझ्या मावशीचं असं झालं.

आमच्या तलावात बेशरम (पाण्यात वाढणारं तण) इतका माजला होता की मासळी संपत आली. संस्था दरवर्षी बाहेरचं बीज आणून सोडायची, खर्च वाढत चालला, उत्पन्न घटत चाललं. भागातल्या जाणकार मंडळींनी सांगितलं, आधी तलाव बरा करा. पावसाळ्याआधी बेशरम मुळासकट उपटायचा, तळाची जमीन नांगरायची आणि देशी पाणवनस्पती लावायच्या, ज्यात मासा अंडी घालतो, लपतो, खातो. हे काम केलं कुणी? बायकांनी. कुठली वनस्पती कुठल्या मासळीला लागते हे म्हाताऱ्या बायकांनाच ठाऊक होतं.

काम संपल्यावर आम्ही २० जणी संस्थेच्या सभेत गेलो आणि म्हणालो, आमच्या घामाचे दिवस मोजा आणि तेवढा भाग आमच्या नावावर धरा. तीन सभा भांडण झालं. शेवटी विक्रीतला एक हिस्सा तलावाच्या नावानं वेगळा काढायचं ठरलं आणि तो कसा खर्चायचा ते बायकांच्या समितीनं ठरवायचं. भाग अजून सगळ्यांच्या नावावर झालेले नाहीत, भांडण चालू आहे. पण मावशी आता समितीत आहे.

रानवाट दादा, आजी पानं तोडू शकत नाही. पण तेंदूची कोणती झुडपं कुठं दाट आहेत, खुटकटाई (नवी पालवी यावी म्हणून झुडपं छाटणं) कधी करायची, हे तिला ठाऊक असेल ना? ते कोणी विचारलं का?

---

लेखामेंढ्याचा_पाहुणा | १० जून, रात्री ९:५५

बोडी ताई, शेवटचा प्रश्न लाखमोलाचा.

रानवाट, मेंढा (लेखा) हे गाव तुमच्या शेजारच्या धानोरा तालुक्यातलं. बहुतेकांना "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" एवढी घोषणा माहीत असते. २००९ ला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती, हेही माहीत असतं. पण मी तिथं गेलो तेव्हा मला सगळ्यात मोठी वाटली ती त्यांची बसण्याची रीत. निर्णय सर्वसहमतीनं. बहुमत झालं म्हणून पुढे जायचं नाही. एक माणूस नाही म्हणाला तर विषय पुढच्या सभेला. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटाची पद्धत घालून दिली: आधी विषय समजून घ्यायचा, मग ठरवायचं. म्हणजे काकांच्या वाक्यावर जी शांतता झाली, ती तिथं "मंजूर" म्हणून लिहिली गेली नसती.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मेंढा २०१३ मध्ये १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामदानी झालं. विनोबांच्या ग्रामदानातली मांडणी बघा. जमीनवाल्यानं जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनासाठी काढायचा. पिकाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात. मजुरी करणाऱ्यानं महिन्यातली एक दिवसाची कमाई. टाकायचं सगळ्यांनी, पण प्रत्येकानं आपल्याकडे जे आहे त्यातून. ठरावीक रकमेची वर्गणी लावली की गरीब आपोआप बाहेर पडतो. हिस्सा लावला तर कोणी बाहेर पडत नाही. शून्याचा चाळिसावा हिस्सा शून्यच होतो आणि तो शून्य वहीत लिहिला की त्या माणसाचं नाव वहीत राहतं.

---

वहीखाते | १० जून, रात्री १०:२०

मी याच जागी अडलो होतो, मार्ग मिळाला. वहीत नाव सगळ्यांचं, रक्कम ज्याची त्याची. वा.

---

तुमसरकर | ११ जून, सकाळी ९:००

गंभीर चर्चेत एक हसवणारी आठवण. आमच्या गावच्या धान्यकोठीला तीन कुलपं लावली होती. तीन किल्ल्या तीन आळ्यांतल्या तीन माणसांकडे, म्हणजे कोणी एकट्यानं उघडू नये. ऐन आषाढात, पेरणीचं धान काढायच्या दिवशी, एक किल्लीवाले काका लेकीच्या सासरी गेलेले. किल्ली कंबरेच्या करगोट्याला बांधलेली! सारं गाव पोती घेऊन कोठीसमोर बसलेलं. एक पोरगं सायकलवर १८ किलोमीटर गेलं, काका जेवणावरून उठून त्याच्या मागच्या कॅरिअरवर बसून आले, हातात जिलबीचा पुडा. आधी सगळ्यांना जिलबी वाटली, मग कुलूप उघडलं. आजही कोणाला उशीर झाला की आम्ही म्हणतो, "जिलबी आणली का?"

---

कापूसवेचणी | ११ जून, सकाळी ९:४५

😄 आमच्या पेटीचीपण तीन कुलपं आहेत. आता जिलबीचा नियम लावते.

---

मोहफूल | ११ जून, दुपारी १२:३०

तुमसरकर, ती कोठी अजून आहे का? आमच्याकडे पूर्वी होती. कापणीनंतर घरटी काही पायल्या धान टाकायचे, आषाढ-श्रावणात लागेल तो न्यायचा आणि पुढच्या कापणीला सव्वापट परत. रेशनचं धान्य आलं आणि कोठी बंद पडली. वाईट वाटतं. रोख पैशाला पाय फुटतात. धानाचं पोतं चोरून नेलं तर गावाला दिसतं.

---

तुमसरकर | ११ जून, दुपारी १:१०

कोठी आहे, त्यात आता मंडपाचं सामान ठेवतात.

---

सीताफळ | ११ जून, रात्री ८:१५

अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कोरकूंचं गाव, मेळघाटच्या पायथ्याशी. उजाड डोंगर होता. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर गावानं वेगवेगळ्या खात्यांकडचा पैसा एका आराखड्यात बसवला. रोजगार हमीतून चर खोदले, झाडं लावली, चराईबंदी स्वतः पाळली. पुढे डोंगरावरची सीताफळं गावानं एकत्र विकायला सुरुवात केली. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सरकारी भाषेत याला अभिसरण म्हणतात. वहीखातेंनी वर जे सांगितलं तेच: चार खाती, एक आराखडा. पण तो आराखडा गावानं लिहिलेला हवा. वरून छापून आला तर चार खाती चार दिशांना ओढतात.

आणि एक. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं (ता. गोंडपिपरी) तेंदू तोडणंच थांबवलं, माहीत आहे ना? तेंदूसाठी झाडं छाटतात, आगी लावतात, जंगल खराब होतं म्हणून. ते बांबूवर उभे राहिले. कोषाचा विचार करताना हापण विचार करा की ज्या जंगलातून तो भरतो ते वीस वर्षांनी राहील का. निम्मी रॉयल्टी वाचवण्याइतकंच त्या आगी थांबवणं महत्त्वाचं आहे.

---

उन्हाळी_धान | १२ जून, सकाळी ६:५०

पाचगावचं काम मोठं आहे, पण प्रत्येक गावाला तेवढा बांबू नाही. आमच्याकडे मे महिन्यातला तेंदू बंद केला तर खरिपाचं बियाणं कशानं घ्यायचं? भावाचंही आपल्या हातात काही नाही. २०१७ पासून तेंदूवर १८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. त्याचा फायदा ग्रामसभेला किती आणि व्यापाऱ्याला किती, हे लिलावात भांडून घ्यावं लागेल. एकटं गाव भांडू शकत नाही. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली ती यासाठीच, लिलावात एकत्र उतरायला. एकत्र यायचं तर विकताना या, हे मला पटतं.

कोषाबद्दल माझं मन अजून कचरतं. पण कापूसवेचणी ताईंनी लिहिलं त्यावर रात्रभर विचार केला. त्या बाईला रोख मिळाली असती तरी ऑपरेशनला पुरली नसती, हे खरं आहे. आमचा कोष बुडाला तो एकत्र होता म्हणून नाही. वही कोणी वाचत नव्हतं म्हणून बुडाला. आमच्या गावात वही समितीच्या सचिवाच्या घरी असायची. मी स्वतः शिकलेला माणूस, चार वर्षांत एकदाही मागितली नाही.

---

वहीखाते | १२ जून, सकाळी ८:३०

उन्हाळी_धान, हे मोकळेपणानं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. रानवाट, यातून उचलण्यासारखं:

दर महिन्याला सभेत वही मोठ्यानं वाचायची. नाव, रक्कम, कारण. कर्ज कुणाला, किती राहिलं. जो वाचतो तो सचिव नसावा, गावातलं शाळेत जाणारं कुठलंही पोर असू दे. समितीतल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना समितीत असेपर्यंत कर्ज नाही. आणि वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सभासदांची आहे, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. ती नसेल तर पैशाचा विषय घेऊच नका, कितीही घाई असली तरी.

---

कोळसापट्टा | १३ जून, रात्री १०:००

आम्ही चंद्रपूरच्या खाणपट्ट्यातले. जंगल गेलं, तेंदू गेला. आमच्या वाट्याला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी येतो. २०१५ च्या दुरुस्तीनं खाणवाल्यांना रॉयल्टीच्या प्रमाणात तो भरावा लागतो, जुन्या पट्ट्यांना ३० टक्के. रक्कम मोठी असते. पण तो कोष जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो आणि आमच्या गावच्या धुळीत राहणाऱ्या बाईला तिथपर्यंत पोचायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. तुमच्या कोषात पैसे थोडे असतील, पण तो चालत जाता येईल इतका जवळ आहे. त्याला जपा.

---

बोडी | २६ जून, संध्याकाळी ७:००

रानवाट दादा, उद्या सभा ना? कळवा.

---

रानवाट | २९ जून, रात्री ११:३०

उशीर झाला, आमच्याकडे पाऊस सुरू झाला आणि तीन दिवस नेटवर्क नव्हतं.

सभा झाली. दुपारी ठेवली होती ती पोडावरचा भाऊंचं वाचून रात्री आठला केली आणि गोटूलसमोर (गावाच्या नेहमीच्या सभेच्या जागी) न बसता टोलीवर, आजीच्या घरापुढच्या मोहाखाली बसलो. तिला यावंच लागलं नाही, सभाच तिच्या दारात. हजेरी मोजली, निम्म्याच्या वर भरली, बायका पुरुषांपेक्षा जास्त.

सागवान भाऊंचं मजुरी आणि रॉयल्टीचं मी सांगितलं. काका लगेच म्हणाले, "मजुरीला हात लावणार नाही ना? मग ठीक." त्यांना भीती तीच होती. त्यांची चार पोरं पहाटे चारला जंगलात जायची, तो घाम कोणी वाटून घेईल असं त्यांना वाटत होतं. मी मनात त्यांच्याविषयी जे धरून बसलो होतो ते चुकीचं होतं, हे इथं लिहून ठेवतो.

ठरलं ते असं. रॉयल्टीतले १०० पैकी ६० रुपये घरटी सारखे, पुड्याप्रमाणे नाही. ४० कोषात. कोषाच्या चाळीसमधले १० आधी बाजूला, आजारपण आणि उपासमारीसाठी. ते कर्ज नाही, परत करायचे नाहीत. ग्रामसंघाच्या जोखीम निधीची वही त्याच्या शेजारी ठेवायची, म्हणजे एकाच घराला दोन्हीकडून आणि दुसऱ्याला कुठूनच नाही असं होणार नाही. उरलेल्यातून बोडी आणि बांबूची लागवड. खाती वेगळी. समितीच्या घरात कर्ज नाही, यावर दीड तास भांडण झालं, पण झालं.

तेंदूच्या आगीचा विषय काढला. त्यावर सहमती झाली नाही, पुढच्या सभेला ठेवला.

बोडी ताई, तुमचा प्रश्न मी सभेत विचारला. आजी बराच वेळ गप्प होती. मग तिनं सांगितलं की नाल्यापलीकडच्या भागात दोन वर्षं खुटकटाई न करता पानं घेतली, म्हणून तिथं पान बारीक झालं. जंगलात रोज जाणारी आम्ही माणसं, आमच्या ध्यानात आलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून खुटकटाईच्या दिवसांत तिला बैलगाडीनं सोबत न्यायचं ठरलं. त्या दिवसांची मजुरी तिला मिळेल.

शेवटी वहीत नावं लिहायला लागलो. आजीच्या नावापुढे मी शून्य टाकणार होतो. ती आत गेली आणि पदरात दोन पायल्या धान घेऊन आली. म्हणाली, "माझं नाव रिकामं कायले लिहतं?" धान कुठं ठेवायचं हा प्रश्न पडला, कारण कोठी नाही. सध्या माझ्या घरी कणगीत वेगळ्या पिशवीत आहे. मोहफूल, तुमच्याकडे सव्वापटीचा हिशेब कसा ठेवायचे ते सविस्तर लिहाल का? दोन-तीन घरं आणखी धान द्यायला तयार आहेत.

---

कापूसवेचणी | ३० जून, सकाळी ७:१०

डोळ्यांत पाणी आलं रे भाऊ. आजीला नमस्कार सांग.

---

पोडावरचा | ३० जून, सकाळी ८:२५

रानवाट भाऊ, आमच्याबी पोडाचा ठराव झाला. सागवान भाऊनं मसुदा पाठोला होता. सोमवारी नाईक अन् म्या पांढरकवड्याले जातो साहेबाकडं द्याले.

---

उन्हाळी_धान | ३० जून, सकाळी ९:०५

समितीच्या घरात कर्ज नाही, या ठरावाचे नेमके शब्द इथं टाका. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी आमच्या गावात तो मांडणार आहे. जुनी वहीपण मागणार आहे.

---

मोहफूल | ३० जून, दुपारी १२:४०

आईला विचारून लिहिते. तिच्याकडे कोठीची जुनी वही आहे, खुणांची. एक आडवी रेघ म्हणजे एक पायली, काट मारली की परत आली. फोटो काढून उद्या टाकते.